भट्टीत घातलेला रस्ता

गावाच्या फाट्यावर एक लोखंडी फलक होता. कामाचे नाव, अंदाजपत्रकीय रक्कम, ठेकेदाराचे नाव, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि दोषदायित्वाचा कालावधी अशा पाच ओळी त्यावर होत्या. दर सोमवारी सकाळी एक वयस्क गृहस्थ बादली आणि फडके घेऊन तेथे येत आणि फलक पुसून काढत. फलक ग्रामपंचायतीचा होता. पुसणारे ग्रामपंचायतीचे कोणी नव्हते.

एकदा त्या फलकावर तालुक्यातल्या एका युवा नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. सोमवारी गृहस्थ आले. त्यांनी बादली खाली ठेवली, खिशातून कातर काढली आणि फलकाच्या मापाचा चौकोन फ्लेक्समधून कापून काढला. पाची ओळी पुन्हा दिसू लागल्या. वरचे फुगे आणि खालचे शुभेच्छुकांचे चेहरे शाबूत राहिले. नेत्याचा चेहरा तेवढा गेला.

दुपारी चार मोटारसायकली त्यांच्या दारात उभ्या राहिल्या.

“आवं शेठ, दादांच्या तोंडाला भोक पाडलं की तुमी!”

“मी फलकाच्या मापानं कापलं. दादाचं तोंड मधी आलं, त्याला मी काय करू?”

“वाढदिवस हाय आज त्यांचा.”

“मग दादाला म्हणावं, तोंड जरा बाजूला लावायचं. कापल्याला तुकडा घडी करून ठेवलाय. न्यायचा आसंल तर न्या.”

तुकडा त्यांनी नेला. पुढच्या वर्षी वाढदिवसाचा फ्लेक्स फलकाच्या शेजारी, स्वतःच्या दोन बांबूंवर उभा होता.

मी तेव्हा सांगलीच्या एका दैनिकासाठी आटपाडी भागाचे वार्तांकन करत होतो. त्या कापलेल्या फ्लेक्सची बातमी करायला म्हणून गेलो आणि पुढची तीन-चार वर्षे जात राहिलो.

या दुष्काळी पट्ट्यातली अनेक घरे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. त्यांचेही घर त्यांपैकीच. मदुराईत तीस वर्षे भट्टी चालवून ते गावी परतले होते. गलाईचा धंदा करून परतलेल्या प्रत्येकाला गाव ‘शेठ’ म्हणते, मग त्याच्याकडे पैसा असो वा नसो. त्यांच्याकडे बेताचा होता. मदुराईहून त्यांनी तीन वस्तू आणल्या होत्या: हाताने उचलता येईल एवढी भट्टी, काचेच्या पेटीतला काटा आणि ‘सरी’ हा तमिळ शब्द. ‘सरी’ म्हणजे बरोबर, ठीक. काटा स्थिर झाला आणि वजन जुळले की तो शब्द त्यांच्या तोंडून आपोआप निघे. वजन जुळले नाही तर ते काहीच बोलत नसत.

सराफाच्या दुकानाची जमीन झाडून निघालेली माती विकत घ्यायची, धुवायची, मुशीत घालून जाळायची आणि तिच्यातून सोन्याचे कण परत मिळवायचे, हा त्यांच्या धंद्याचा एक भाग होता. दुसऱ्याने कचरा म्हणून झाडलेल्यात काय उरले आहे, ते पाहण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. गावी आल्यावर त्यांनी हीच नजर सार्वजनिक कामांवर वळवली.

दिवसा जळणारे रस्त्यावरचे दिवे ते सकाळी सहा वाजता स्वतः जाऊन बंद करत. लाकूड कच्चे तर नाही ना, म्हणून शाळेच्या नव्या दाराला नख लावून पाहत. एकदा विट्याच्या एका हॉटेलात आम्ही मिसळ खाल्ली. उठताना त्यांनी पक्के बिल मागितले.

मालक म्हणाला, “बिल घेतलं तर वर टॅक्स लागंल, शेठ.”

“लागू दे.”

“उगं कशाला? तुमचंबी वाचतंय, माझंबी वाचतंय.”

“आपल्या दोघांचं वाचलं की कुणाचं तरी जातंय. ते कोण, ते तू सांग, मग मी बिल मागत न्हाई.”

मालकाने बिल दिले. परतताना एसटीत मी त्यांना विचारले, मदुराईत तुमच्या भट्टीवर पक्की बिले असायची का?

“तीस वर्षं कच्च्या चिठ्ठीवर धंदा केला. नळाचं पाणी त्या गावाचं प्यालो, दोन्ही पोरं तितल्या सरकारी दवाखान्यात झाली, आन् धंदा कच्च्या चिठ्ठीवर. तवा कुणी इचारलं न्हाई. आता मीच मला इचारतो.”

एवढेच. पुन्हा हा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही.

एप्रिलच्या पहिल्या कामाच्या दिवशी घरपट्टी आणि पाणीपट्टी भरायची, हा त्यांचा नेम होता. नव्या पावतीपुस्तकातली पहिली पावती त्यांना हवी असे. मार्चची वसुली संपवून दमलेला क्लार्क त्यांना पाहून कपाळाला हात लावी.

“आवं शेठ, आजच कोण पट्टी भरतंय? काल रातच्याला वसुली संपलीया. जरा दम खाऊ द्या की.”

“मी उशिरा दिली तर मला उशिरा इचारता येतं. मला लवकर इचारायचं आसतंय.”

आणि खरोखरच, पावती खिशात गेली की ते त्याच खुर्चीत बसून विचारायला लागत. कुठल्या गल्लीत गटार होणार, किती लांब, किती रुंद. गावात कोणी ‘सरकारचा पैसा’ असे म्हटले तर त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता: “सरकारच्या म्हशी किती हायत? दूध कुठल्या डेरीला घालतंय सरकार?” पोरे त्यांना लांबून बघून ‘म्हस आली, म्हस आली’ म्हणत. ते मागे वळत नसत.

त्यांच्या दारात, रस्त्याच्या कडेला, सिमेंटचा एक हौद होता. येणाऱ्या-जाणाऱ्या मेंढ्या-शेळ्यांसाठी तो त्यांनी बांधला होता. रोज दुपारी एक धनगर म्हातारी तेथे आठ-दहा शेळ्या घेऊन येई. तिच्याशी त्यांचे झालेले एक बोलणे माझ्या वहीत जसेच्या तसे आहे.

म्हातारी म्हणाली, “तुमी बसा पट्ट्या भरत. आमी कुठं कर भरतोय? घराची पट्टी लेकाच्या नावावर. तो पुण्यात.”

“तुझ्या कनवटीला काय हाय?”

“फोन.”

“रिचार्ज कोण मारतंय?”

“मीच मारती. दूध इकून.”

“कंपनीला शंभर गेलं की वर अठरा सरकारला जात्यात.”

“आगं बया! मला न्हाई कुणी सांगिटलं.”

“सांगून घेत्यात व्हय? आन् तुझ्या मिसरीवर तर त्याच्याहून लय.”

म्हातारीने कनवटीची मिसरीची डबी काढून उलटसुलट पाहिली. “म्हंजी मी दात घासलं तरी सरकारला पोचतंय?”

“पोचतंय.”

“मग माघारी काय येतंय?”

शेठनी समोरच्या डांबरी रस्त्याकडे बोट केले. “ह्यो बघ. ह्यो आला माघारी.”

म्हातारीने रस्ता पाहिला. पायाने खडी उकरली. ती म्हणाली, “लय पातळ आलाय की ओ.”

त्या दुपारी ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी छिन्नी-हातोडा घेऊन ते रस्त्यावर बसले होते.

फाट्यापासून गावापर्यंतचा तो दीड किलोमीटरचा रस्ता. ग्रामपंचायतीने जिल्ह्याच्या निधीतून करून घेतलेला. दोन वर्षांच्या आत उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा, अशी फलकावरच्या दोषदायित्वाची अट होती आणि त्यासाठी त्याची अनामत रक्कम ग्रामपंचायतीकडे होती. मुदत संपत आली होती. रस्ता ओढ्यापाशी उखडू लागला होता. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर ‘ठेकेदाराची अनामत परत करणे’ हा सहावा विषय होता. तो मंजूर झाला असता तर यापुढची दुरुस्ती गावाच्या पट्टीतून झाली असती. म्हणजे एकाच रस्त्याचे पैसे गावाने दोनदा द्यायचे. ते होऊ द्यायचे नाही, असे शेठनी ठरवले.

त्यांची रीत सोपी होती. रस्त्याचा तुकडा वजन करून मुशीत घालायचा आणि भट्टीवर ठेवायचा. डांबर जळून जाते, खडी राहते. खडीचे पुन्हा वजन करायचे. जे कमी भरले ते डांबर. अंदाजपत्रक त्यांनी माहिती अधिकारात मागवून ठेवले होते. शंभर ग्रॅमला पाच ग्रॅम डांबर हवे होते.

परीक्षेच्या दिवशी मी तेथे होतो. त्यांनी तीन ठिकाणचे तीन तुकडे आणले होते. ते एकत्र कुटले, नीट कालवले, त्यातून शंभर ग्रॅम उचलले आणि मुशीत घातले. काळा धूर निघाला. शेजारच्या घरातून विचारणा झाली की शेठ, आज काय शिजतंय? ते म्हणाले, रस्ता. मूस गार झाल्यावर त्यांनी काट्यावर वजन केले. डांबर तीन ग्रॅमहून थोडे जास्त निघाले. ते काही बोलले नाहीत.

मी बातमी दिली. परीक्षेची रीत, वजने आणि ठेकेदाराचा खुलासा, तिन्ही छापले. ठेकेदार बाहेरगावचा होता. तो फोनवर म्हणाला, “रस्ता म्हणजे काय अंगठी आहे का?” हे वाक्य गावात बातमीपेक्षा जास्त गाजले.

ग्रामसभेच्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. “या. लगीच या.”

ते काट्यासमोर बसले होते. समोर कागदावर जळून उरलेली खडी पसरलेली होती. भिंगाखाली त्यांनी मला तिच्यातले काही कण दाखवले. ते लाल होते.

“वीट,” ते म्हणाले. “रस्त्यात वीट नसती. ही माझी वीट हाय.”

प्रकार असा होता. मागच्या उन्हाळ्यात हौदाला पाणी आणण्यासाठी त्यांनी रस्ता आडवा खोदून पाइप नेला होता. चर विटांच्या तुकड्यांनी भरला आणि वर कुठून तरी आणलेले थोडे डांबर ओतले. तीन तुकड्यांपैकी एक त्यांनी आपल्या दारासमोरचा घेतला होता. तो रस्त्याचा नव्हता. त्यांनीच बुजवलेल्या चराचा होता.

मी म्हणालो, “पण बाकीचे दोन तर रस्त्याचेच होते.”

“कालवलं की मी तिन्ही. सोनं गाळून एकजीव केल्याबिगर त्याचा कस लागत न्हाई. आयुष्यभर तेच केलं. हात त्याच वळणानं गेला. रस्त्याला जागा आसती, ह्या जागंला चांगला, त्या जागंला वाईट, हे ध्यानातच आलं न्हाई. आता ह्या आकड्याला काय किंमत न्हाई.”

“मग आज गप्प राहा. पुन्हा वेगवेगळे तुकडे काढून परीक्षा करा, आणि पुढच्या सभेत दोन्ही सांगा.”

“पुढच्या सभंपातूर अनामत गेल्याली आसंल.”

“आज सांगितले तरी जाईलच.”

“जाईल कदाचित. पण खोट्या कसावर मी ठेकेदाराला धरला, तर त्याच्यात आन् माझ्यात फरक काय ऱ्हायला?” त्यांनी भिंग पुसून डबीत ठेवले. “पाइप घालणारा आन् मी, दोघांनाच म्हाईत हाय. आता तुमाला. तिसऱ्याला कळलं की गावाला मीच सांगिटल्यालं बरं.”

ग्रामसभा शाळेच्या ओसरीत भरली. सरपंच बाई होत्या, पहिल्यांदाच निवडून आलेल्या. सहावा विषय निघाला. अनामत परत करावी म्हणणाऱ्या एका सदस्याने बातमीचे कात्रण हातात घेतले होते आणि त्यावर बोलायला तो उभा राहणार, तोच शेठ उभे राहिले.

“माझी परीक्षा बाद धरा,” ते म्हणाले. पुढे सगळा प्रकार त्यांनी पाच-सहा वाक्यांत सांगितला. पाइप, चर, वीट, कालवणे. काही वगळले नाही.

मग हशा झाला.

“ऐकलं का रं? शेठचं सोनं पितळ निघालं!”

“शेठ, आता म्हशीचं दूध गाळून बघा!”

“रस्ता ह्यांनीच फोडायचा आन् ह्यांनीच बोंब मारायची व्हय?”

हशा संपेपर्यंत ते उभे राहिले. बसले नाहीत, खालीही पाहिले नाही. मग ग्रामसेवकांना म्हणाले, “परवानगीबिगर रस्ता खोदला, त्याचा दंड किती?”

ग्रामसेवक म्हणाले, “राहू द्या हो, शेठ.”

“राहू देऊन चालत न्हाई. किती?”

नियम शोधला गेला. रक्कम निघाली. त्यांनी ती मोजून दिली आणि पावती मागितली. पावतीपुस्तक कार्यालयात होते. ते म्हणाले, “थांबतो.” क्लार्क उठून गेला. कार्यालय गावाच्या दुसऱ्या टोकाला होते. अख्खी ग्रामसभा एका पावतीसाठी पंधरा मिनिटे थांबली. त्या पंधरा मिनिटांत उरलीसुरली चेष्टा कुठे विरली, ते कोणाच्या लक्षात आले नाही. क्लार्क घामेघूम होऊन परतला तेव्हा ओसरीवर बऱ्यापैकी शांतता होती.

पावती वाचून त्यांनी खिशात ठेवली. “माझी चूक माझ्या दारापुरती होती, ती भरली. बाकीचा रस्ता दीड किलोमीटर हाय. आता त्याचं बोला. पाच जागी पाच तुकडं काढा. पाच पिशव्या, पाच शिक्कं. कालवायचं न्हाई. सांगलीला सरकारी प्रयोगशाळंत धाडा. कागद येईपातूर अनामत तिथंच ऱ्हाऊ द्या. कागद म्हणाला रस्ता चांगला, तर मी स्वतः ठेकेदाराच्या दारात जाऊन माफी मागीन.”

सदस्य म्हणाला, “एकदा फजिती झाली, आता परत कशाला?”

सरपंच बाई तोपर्यंत काही बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “शेठनी भर सभेत स्वतःचा दंड भरला. तुमाला रस्ता चांगला हाय म्हणायचंय. मग जागा तुमीच दाखवा. भ्यायचं काय कारण?”

सदस्य आजूबाजूला पाहून म्हणाला, “दावतो की. कुठल्याबी जागा दावतो.”

त्याने तेथल्या तेथे चार जागा सांगितल्या. पाचवी सांगणार, तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला. ती धनगर म्हातारी होती.

“पाचवा तुकडा माझ्या रिचार्जचा. तो मी सांगीन तितला काढायचा.”

“तुला गं काय कळतंय रस्त्यातलं?” सदस्य म्हणाला.

“मला न्हाई, शेळ्यांस्नी कळतंय. उन्हाळ्यात धड रस्त्यावनं गेलं की खुराला डांबर चिकाटतंय, दगडानं खरवडावं लागतंय. वड्यापाशी दोन उन्हाळं झालं, खूर कोरडंच. तितला काढा.”

पुन्हा हशा झाला, पण या वेळी तो शेठवर नव्हता. हात वर झाले. ठराव मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी दैनिकात माझ्या आधीच्या बातमीचा खुलासा आला. आठ ओळींचा होता आणि पहिल्या बातमीच्याच पानावर होता.

तुकडे काढताना शेठ रस्त्यावर हजर होते, पण हात लावत नव्हते. प्रत्येक जागेचा अर्धा तुकडा प्रयोगशाळेला गेला. उरलेले अर्धे त्यांनी मागून घेतले. पाच वेगवेगळ्या मुशी, पाच वेळा भट्टी. आलेले पाच आकडे त्यांनी कागदावर लिहिले, लिफाफा बंद केला, त्यावर सही केली आणि सरपंच बाईंच्या हवाली केला. “परयोगशाळंचा कागद आल्यावर फोडा. आधी न्हाई. माझा काटा खरा का खोटा, तेबी कळू दे.”

अहवाल यायला बरेच आठवडे गेले. आला तेव्हा कार्यालयात तो आणि लिफाफा शेजारी शेजारी ठेवून वाचले गेले. सदस्याने दाखवलेल्या चारही जागा चांगल्या निघाल्या, यात कोणाला नवल वाटले नाही. शेठनी चार वेळा ‘सरी’ म्हटले. पाचवा आकडा ओढ्यापाशीचा. शंभर ग्रॅमला अडीच ग्रॅम. दोन्ही कागदांवर जवळपास तोच होता. त्यावर ते काही बोलले नाहीत.

उखडलेला ओढ्याचा पट्टा ठेकेदाराने काढून नव्याने केला. त्या दोन दिवसांत शेठ खुर्ची टाकून कडेला बसले होते. मजुरांना चहा त्यांच्या घरून जात होता. काम पूर्ण झाल्यावर, अनामत परत द्यावी असे सुचवणारेही तेच होते. “काम झालं. आता पैसं अडवून ठिवणं ह्येबी चोरीच.”

नंतर माझी साताऱ्याला बदली झाली. ते गेल्याचे मला तेथेच कळले. पण त्याआधीचा एक दिवस मी मुद्दाम रजा काढून पाहिला होता. एप्रिलचा पहिला कामाचा दिवस.

शेठ आणि मी कार्यालयाशी पोचलो तेव्हा ते उघडायचे होते. पायरीवर कोणीतरी बसले होते. समोरच्या विजेच्या खांबाला तीन शेळ्या बांधलेल्या होत्या.

शेठ थांबले. “लवकर आलीस?”

म्हातारी म्हणाली, “रस्ता चांगला झालाय न्हवं. पाय पटापटा उचललं.”

क्लार्क आला, कुलूप काढले, नवे पावतीपुस्तक उघडले. म्हातारीने कनवटीची पुरचुंडी सोडून टेबलावर ठेवली. लेकाच्या नावावरच्या घराची वर्षाची पट्टी त्यात होती. क्लार्कने शेठकडे पाहिले. शेठ एक पाऊल मागे सरले. पहिली पावती फाडली गेली.

म्हातारीला वाचता येत नव्हते. तिने पावती शेठच्या हातात दिली नाही. ती घडी करून कनवटीला लावली आणि क्लार्कच्या समोरच्या खुर्चीत, जेथे दर वर्षी शेठ बसत, तेथे बसली.

“आता सांग लेकरा,” ती म्हणाली, “ह्याचं काय करणार हायसा?”

क्लार्कने मदतीसाठी पुन्हा शेठकडे पाहिले. ते भिंतीला टेकून आपल्या पाळीची वाट पाहत उभे होते.

“माझ्याकडं काय बघतूस?” ते म्हणाले. “तिनं इचारलंय. तिला सांग.”

क्लार्कने वही ओढली आणि गटाराची लांबी-रुंदी सांगायला सुरुवात केली. म्हातारी प्रत्येक आकड्यावर मान हलवत होती. मध्येच तिने एक आकडा पुन्हा सांगायला लावला.

“सरी,” शेठ म्हणाले.